वहीची मागची पाने

पौष शुद्ध एकादशी, शके १७८६. अमरावती

देवीपुढे नवी वही ठेवली, कुंकवाचे बोट लावले, उचलली. जुनी मार्गशीर्षात भरली. नियम तोच. पुढच्या बाजूने हिशेब आणि त्याखाली दिवसाचे चार शब्द. वही उलटी केली की मागच्या बाजूने ऐकलेली कीर्तने. नऊ भक्तींत पहिली श्रवणाची, आणि माझ्यासारखीला तेवढीच झेपणारी. म्हणून ज्या बुवांचे कीर्तन ऐकले त्यांनी कोणते आख्यान लावले, चाल कोणती घेतली, सभा कोठे हसली, सूर कोठे ढळला, ते मागे लिहून ठेवते. वडील पंतोजी होते. मुलांच्या शेवटच्या इयत्तेपर्यंतची पुस्तके त्यांनी मला घरी शिकवली, परीक्षेचे कागदही सोडवून घेतले. बाईमाणसाला दाखला कोण देणार? या वह्या हाच माझा दाखला.

आज अकोल्याहून डाकेने पत्र आले. तेथे महादेवराव म्हणून एक गृहस्थ शिळाछापावर आठवड्याचे वर्तमानपत्र काढतात. आमच्या स्वारीने देवीच्या देवळातल्या कीर्तनाविषयी त्यांना काही लिहून पाठवले होते, ते छापले आणि आणखी मागवले आहे. हे दिवसभर हवेत.

"लढाईच्या अन् भावाच्या बातम्या सारेच छापतात," म्हणाले. "कोण कसा गायला, कोणाचे कीर्तन रंगले, हे वऱ्हाडात कोण लिहितो? मी लिहीन. हाच माझा धंदा."

मी चुलीकडे तोंड करून म्हटले, "दुसऱ्याच्या गाण्यावर लिहून आपली पोळी भाजते का?"

उत्तर दिले नाही. राग आला असावा. मी पुन्हा विचारले नाही.

रुई दाबण्याच्या कारखान्यातली कारकुनी चार वर्षांची आहे. विलायतेपलीकडे लढाई चालली आहे आणि विलायतेला आपला कापूस लागतो, तोवर पगार अडत नाही. तो सोडून शब्दांवर संसार? अंबे, तूच बघ.

पौष वद्य चतुर्थी

ह्यांना दुधाजवळ बसवून तुळशीला पाणी घालायला गेले. दूध उतू जाऊन चुलीत पडल्याचा चर्र आवाज मला अंगणात आला. धावत आले तर हे दोन हातांवर बसून कागदावर लिहीत आहेत. राख डोळ्यांत गेली तेव्हा दचकले. पावशेर दूध गेले. मी बोलले तर हसून म्हणाले, "काहून रागावून राहिली? ध्यान नव्हतं."

ध्यान कोठे आहे ते मला कळते. छापून आल्यापासून माणूस घरात असून नसतो. पाठीमागून हाक मारली तर ओ देत नाही. संध्याकाळी देवळात आरती संपली, सगळ्यांच्या टाळ्या थांबल्या, आणि ह्यांच्या एकट्याच्या चालूच. डोळे मिटलेले. लोक वळून पाहू लागले. पार्बताबाई मला कोपराने ढोसून म्हणाली, "तुमचे मालक लई रंगले व गोदाताई!" मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. भक्ती असावी, पण तिचा डौल नसावा.

पार्बताबाई म्हणजे शेजारीण. बोरगावची, कुणब्याच्या मोठ्या घरची. तिच्या मालकांच्या बारा गाड्या कापूस वाहतात. तोंडाने फटकळ, मनाने गाय.

रात्री वही मागितली, "हिशेब पाहतो" म्हणून. हल्ली दर आठवड्याला मागतात. पैपैचा जमाखर्च लिहिते, तरी भरवसा नाही.

माघ शुद्ध सप्तमी

अकोल्याचे वर्तमानपत्र आले. हरिहरबुवांच्या कीर्तनावर पाऊण स्तंभ छापला आहे. मी उभ्याने वाचला. "बुवांचा आवाज मोठा नाही, पण समईच्या वातीसारखा आहे, वारा आला तरी जागा सोडीत नाही."

अंगावर काटा आला. त्या दिवशी कीर्तनात बसले असताना माझ्या मनात नेमके हेच आले होते! बोलले कोणाशी नव्हते. तेरा वर्षांचा संसार, मूलबाळ नाही, घरात दोन माणसे. पण मन एक झाले म्हणायचे. ह्यांच्याविषयी इतके दिवस वाकडे लिहिले त्याची लाज वाटली. संध्याकाळी गोडाचा सांजा केला. गूळ जरा जास्तच घातला.

माझे मोरपीस पुढच्या पानात असते. आज मागच्या पानांत सापडले. वाऱ्याने पडून कोणी तरी उचलून ठेवले असेल. घरात तिसरे कोण?

माघ वद्य तृतीया

गावात नाटकमंडळी आली आहे. कापसाच्या पैशाने शेतकऱ्यांच्या बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या बसल्या, तिथे नाटकवाले का येणार नाहीत? ह्यांनी हट्ट धरला की मी चलावे. बायकांना आडपडदा आहे म्हणे.

"मी नाटकाला? जिथे पुरुष लुगडी नेसून नाचतात तिथे?"

"पडद्याआडून कोण पाहते तुले? नुसतं ऐकायचं."

"ऐकायला तुम्ही आहात की."

ह्यांनी माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहिले. हल्ली असे पाहतात, मी बोलत असताना ओठांवर नजर ठेवून, जणू माझे बोलणे खोटे आहे आणि पकडायचे आहे. मग ताडकन उठले. "नको येऊ. माझं नशीब." दार आपटून गेले. दार इतके जोराने आपटले की फडताळातली वाटी खाली पडली. मागे वळूनही पाहिले नाही.

नाही गेले ते बरेच केले. पण रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

माघ वद्य द्वादशी

महादेवरावांचे पत्र. ह्यांनी ते उंबऱ्यावर ठेवले आणि कारखान्यात गेले, म्हणून वाचले. लिहितात: "भगवंतराव, आपण नाटकाविषयी धाडिलेला मजकूर पोचला. मुकुट, मशाली, राक्षसाच्या मिशा, राजाची चाल, सर्व उत्तम. परंतु पदे कशी झाली, स्त्रीवेषधारी मुलाचा गळा कसा, याविषयी एक अक्षर नाही. वाचकांस तेच हवे. कीर्तनावर आपण कानाने लिहिता, नाटकावर डोळ्यांनी का?"

ह्यांना नाटकातली गाणी आवडली नसतील. वाईट लिहायचे नाही म्हणून गप्प बसले असतील. स्वभाव भिडस्त आहे.

जेवताना म्हणाले, "गोदे, त्या कारखान्यात आणखी एक वर्ष काढलं तर..." आणि पुढे बोललेच नाहीत. इंजिनाला लागून ह्यांची खोली. दोन वर्षांपूर्वी वाफेचे यंत्र आले, तेव्हापासून घरी आल्यावर डोके धरून बसतात. मी म्हटले, "डोके दुखते का?" म्हणाले, "आले घाल." चहा विचारला नव्हता, घरात चहा करीत नाही. मी काढ्यात आले घातले.

चैत्र शुद्ध अष्टमी, शके १७८७. अकोला

ह्यांच्याबरोबर बैलगाडीने अकोल्याला आले. दोन मुक्काम, अंग मोडले. रामनवमीचा उत्सव पाहावा आणि घरही पाहून ठेवावे असे ह्यांचे म्हणणे. महादेवरावांच्या घरी उतरलो. मोर्णेच्या काठी घर आहे, तळाशी छापखाना. दगडावर उलटी अक्षरे लिहितात आणि कागदावर सुलटी उमटतात. मी पहिल्यांदाच पाहिले. शाईचा वास दिवसभर नाकात.

बोलणी झाली. ज्येष्ठ शुद्ध प्रतिपदेपासून महिना पंचवीस रुपये. काम हेच: वऱ्हाडात जिथे कीर्तन, गाणे, नाटक होईल तिथे जायचे आणि लिहायचे. कारखान्यात पस्तीस मिळतात. पण हे एखाद्या लहान मुलासारखे खुलले होते. अट एक. वैशाखात अमरावतीचे कापसाचे अडते खुशालराव आपल्या अंगणात हरिहरबुवांचा सप्ताह करणार आहेत. त्याचा वृत्तांत असा यावा की वऱ्हाडभर नाव निघेल. खुशालराव छापखान्याला लोखंडी यंत्र घेऊन देणार आहेत.

महादेवराव म्हणाले, "खुशालराव मला म्हणत होते, कापूस मोजता येतो, गाणं कसं मोजता हो? मी म्हटलं, आमचे भगवंतराव मोजतात!"

हे हसले. पण सगळे हसून झाल्यावर.

संध्याकाळी महादेवराव छापखान्याच्या पायऱ्यांवरून ह्यांना हाका मारीत होते. एक, दोन, तीन. हे नदीकडे तोंड करून उभे. शेवटी मीच खिडकीतून खडा टाकला, तो पाठीत लागला तेव्हा वळले. महादेवराव म्हणाले, "कवी आहात झालं!" मला मात्र बरे वाटले नाही. यजमानाच्या हाकेला ओ न देणे, नोकरी लागण्याआधीच एवढा ताठा. देवा, ह्यांचा गर्व हरण कर, पण हळूच कर.

वैशाख शुद्ध नवमी. अमरावती

सप्ताह कालपासून सुरू. खुशालरावांच्या अंगणाला मांडव, चुन्याचे ओटे, दोनशे माणूस. रुईच्या गठाणी ओळीने लावून बायकांचा आडोसा केला आहे. एकेका गठाणीची किंमत ऐकून पार्बताबाई म्हणाली, "आपुन सोन्याच्या भिताडाआड बसून राह्यलो व!"

बुवांनी सातही दिवसांची आख्याने पहिल्याच दिवशी सांगितली. त्रयोदशीला सुदामचरित्र. माझ्या आईचे फार आवडते. ती गेली तेव्हा मी ते तिच्या उशाशी म्हटले होते. त्या दिवसाची वाट पाहते आहे.

ह्यांना पहिल्या रांगेत, तबकाजवळ जागा. बुवांच्या तोंडावरून नजर हलत नाही. घरी येऊन मला म्हणतात, "लिही हो वहीत, आजचं आजच लिही. विसरशील." माझ्या भक्तीची इतकी काळजी कधी केली नव्हती.

वैशाख शुद्ध पौर्णिमा

पाचव्या दिवशी न्हाऊन वही हाती घेतली. एकादशीच्या सकाळीच बाजूला बसावे लागले. चार दिवस परसातल्या पडवीत. हे सोवळ्याने भात शिजवून लांबून पान सरकवीत, भात कधी कच्चा, कधी करपलेला. बोलणे नाही. पार्बताबाईही नाही, तिची लेक बाळंत झाली म्हणून दशमीलाच मोर्शीला गेली.

त्रयोदशीला जीव तळमळला. खुशालरावांचे घर चार घरांपलीकडे. पडवीत मृदंग ऐकू येई, शब्द नाही. त्या दिवशी मृदंगही फार वाजला नाही, मधेच बराच वेळ अगदी शांत. मी डोळे मिटले. ज्याला देवापर्यंत जाता येत नाही त्याने मनात पूजा बांधावी, असे वडील सांगत. मनातले फूल देवाला खऱ्या फुलासारखेच पोचते. मग कीर्तन का पोचू नये? बुवांचा आवाज पाठ होता, चरित्र पाठ होते. आरंभापासून शेवटपर्यंत मनात सगळे ऐकले. इतके कीर्तन मी जन्मात ऐकले नव्हते.

ते आज मागच्या बाजूला लिहिले. नेहमीसारखेच लिहिले. मनात पूजा करताना 'मनातले फूल' असे कोणी म्हणत नाही, फूल वाहिले असेच म्हणतात. शेवटी लिहिले: "सुदाम्याच्या पुरचुंडीतले पोहे बुवांनी चिमटीत धरले तेव्हा सभा श्वास घ्यायचे विसरली. सोन्याची नगरी यजमानाच्या घरात आधीच होती, बुवांनी ती त्या दिवशी अंगणात आणून उभी केली."

वाचून डोळे भरले. आई आठवली. हे दुपारी वही घेऊन गेले, संध्याकाळी लखोटा डाकेत टाकून आले. हिशेब पाहायला अर्धा दिवस लागतो?

वैशाख वद्य तृतीया

गावावर प्रेतकळा. त्रयोदशीलाच म्हणे तारेने बातमी आली होती की विलायतेपलीकडची ती लढाई थांबली, आता तिकडचा कापूस पुन्हा येणार. भाव अर्ध्याने उतरला, उद्या आणखी उतरेल. बाजारात गाड्या तशाच उभ्या, बैल सोडलेले, घेणारा नाही. कारखान्याचे यंत्र आज बंद. दोन वर्षांत पहिल्यांदा दुपारी झाडावरचा होला ऐकू आला. मी ह्यांना म्हटले, "किती शांत वाटते नाही?" हे म्हणाले, "हो." पण कपाळाला हात लावून बसले होते, जसे यंत्र चालू असताना बसतात.

वैशाख वद्य दशमी

काय लिहू?

सकाळी खुशालरावांच्या माणसाने अकोल्याचे वर्तमानपत्र आमच्या ओसरीवर फेकले आणि थुंकून गेला. दुपारी महादेवराव स्वतः आले, गाडीचा धुरळा अंगावर. पाणीही घेतले नाही. मी माजघराच्या दाराआड.

"भगवंतराव, हे काय केलंत? खुशालरावांना त्रयोदशीला तार आली. साठ वर्षांची कमाई गेली. त्या माणसाने बुवांचे पाय धरले, म्हणाला, आज सुदामा नको, हरिश्चंद्र लावा. राज्य गेलेल्या राजाचं सांगा, मला तेच ऐकू द्या. सबंध अंगण रडलं हो! मृदंगवाल्याचा हात थांबला! आणि आपल्या पत्रात काय?"

मग कागद उलगडून त्यांनी मोठ्याने वाचले. पुरचुंडी. पोहे. चिमटी. सभा श्वास घ्यायचे विसरली. "सोन्याची नगरी यजमानाच्या घरात आधीच होती, बुवांनी ती अंगणात आणून उभी केली! ज्याचं घर त्याच दिवशी बुडालं त्याच्याबद्दल! खुशालराव म्हणतात, भगवंताने माझ्या मढ्यावर विनोद केला."

माझे शब्द. काना, मात्रा, सगळे माझे. मी दाराची कडी धरून उभी राहिले.

माघातली ती समईची वात. मोरपीस. मला काय तेव्हा कळले नव्हते? कळून घ्यायचे नव्हते. एक मन झाले म्हणून सांजा करून बसले.

महादेवराव म्हणाले, "तुम्ही पहिल्या रांगेत होतात, मी दहा जणांना विचारलं. खरं सांगा, असं कसं झालं?"

हे म्हणाले, "डुलकी लागली होती."

"डुलकी? लोक सांगतात तुमच्या डोळ्यांत पाणी होतं!"

"डुलकीच लागली," हे म्हणाले. "चरित्र ठरलेलं होतं, म्हणून मनाने लिहिलं. माझा आळस."

महादेवराव उठले. "आळशी माणूस मला पोसवत नाही, आणि आता लोखंडी यंत्रही गेलं. ज्येष्ठापासूनचं ते विसरा." उंबऱ्यात थांबून हळूच म्हणाले, "इतकं सुंदर लिहिता हो. इतकं सुंदर आणि खोटं."

हे त्यांच्याकडे पाठ करून उभे होते. ऐकले की नाही कोण जाणे. मी ऐकले.

हे खोटे का बोलले? माझी चोरी झाकण्यासाठी की स्वतःची? मला बाहेर येऊन सांगता आले असते की लिहिले मी. पाय उचलला नाही. शिवाय पाप माझेच. विटाळात चरित्र मनात आणले, न ऐकलेले ऐकले म्हणून लिहिले. त्याचे फळ देवीने ह्यांच्या पदरात घातले. उद्यापासून एकवीस दिवस एकभुक्त.

वैशाख वद्य द्वादशी

पार्बताबाई मोर्शीहून आली. नातू झाला, साखर घेऊन आली. माझे तोंड पाहून साखर बाजूला ठेवली. मी सगळे सांगितले. ह्यांचा ताठा, ओ न देणे, माझ्या वहीतून चोरून लिहिणे, डुलकीची थाप.

ती पुढे सरकून बसली.

"गोदाताई, तुमाले खरंच मालूम नाही?"

"काय?"

"अवं, त्याह्यले ऐकू येत नाही. त्या इंजिनाजवळचे सारेच बयरे होऊन राह्यले. आमचा गाडीवान चंद्रभान तं पार ठार बयरा झाला. भगवंतरावचं साऱ्या गल्लीले मालूम हाये. आमी त्याह्यच्या समोर जाऊन बोलतो. मले वाटलं, तुमी झाकून राह्यल्या म्हून आमीबी बोललो नाही."

"पण माझ्याशी बोलतात. उत्तरे देतात."

"समोर असल्या तं देतात. पाठमोरं कधी देल्लं?"

मी विचार करू लागले. दूध. खडा. टाळ्या. आले घाल. 'ऐकायला तुम्ही आहात की.' देवा, मी असे बोलले होते!

"काहून सांगतलं नसंन त्याह्यनं?" मी तिच्याच बोलीत विचारले, माझी बोली सुचेना.

"गाण्याची नोकरी अन् बयरा मानूस?" पार्बताबाईने पदर डोळ्याला लावला. "कोन ठेवते बाई?"

वैशाख वद्य त्रयोदशी

तिचे बोलणे खरे मानवेना. हे परसात पाठमोरे, पेरूच्या झाडाखाली बसले होते. मी चार हातांवर जाऊन उभी राहिले.

बायकोने जे करू नये ते केले. ह्यांचे नाव घेतले. उखाण्यात नव्हे, सरळ. "भगवंत." आधी हळू. मग मोठ्याने. मग इतक्या मोठ्याने की भिंतीपलीकडे पार्बताबाईच्या हातातली कळशी वाजली.

तेरा वर्षांत पहिल्यांदा घेतले. ज्याचे होते त्यालाच पोचले नाही. ह्यांनी पेरूचे एक पान उचलले, दोन बोटांत फिरवले, टाकले.

मी तशीच आत आले. नाव घेतले त्याचे प्रायश्चित्त कोणाला विचारू?

ज्येष्ठ शुद्ध द्वितीया

कारखान्याने निम्म्या कारकुनांना काढले. त्यात हे. कालपासून अकोल्याला पंचवीस रुपयांवर जायचे होते. आज घरात बसून जुन्या कागदांच्या मागच्या कोऱ्या बाजू कापून ठेवीत होते. कशाला, विचारले नाही.

सांगू का त्यांना, मला कळले म्हणून? ते डुलकी म्हणाले. आळशी म्हणवून घेतले, खोटे म्हणवून घेतले, पण ते एक लपवले. तेवढीच लाज त्यांनी स्वतःसाठी राखली आहे. तोंडावर सांगितले तर तीही जाईल. आणि मागून सांगता येत नाही.

एक जागा आहे. वही उलटी करते.

(मागच्या बाजूने)

ज्येष्ठ शुद्ध तृतीया

तुम्ही ही पाने वाचता. वाचा. त्रयोदशीचे चरित्र मी ऐकलेले नव्हते, पडवीत मनात रचले होते. चार घरांवरून मला ते ऐकू आले असेल असे तुम्हाला वाटले. तुम्हाला सांगायला हवे होते, पण तुम्ही वाचता हे मी मला स्वतःलाच कळू दिले नव्हते. चूक निम्मी माझी.

हल्ली गावात कीर्तन नाही, बोलवायला पैसा कोणाजवळ आहे? म्हणून आज जे झाले ते लिहिते. पहाटे खुशालरावांच्या गोठ्यातले बैल विकायला नेले. घुंगरमाळा काढून घेतल्या होत्या, नुसते खूर वाजत गेले, ओल्या गोणीवर काठी मारावी तसे. दुपारी पार्बताबाई सुनेला म्हणाली, "भाकर करून राह्यली का भूगोल?" सून हसली, मग सासूही. पेरूवर होला बसतो. त्याच्या आवाजाला शेवट नसतो, वाक्य अर्धे टाकून उडून जातो. देवळात आरतीला आज सातच माणसे. टाळ एकच होता आणि तोही फुटका.

ज्येष्ठ शुद्ध चतुर्थी

सकाळी मोरपीस या पानात होते. खाली तुमच्या हातची एक ओळ: "आढ्याच्या चिमण्यांविषयी लिहिले नाहीस. त्या अजून असतात का?"

असतात. दोन आहेत. पहाटे दिवा लावते तेव्हा पहिली बोलते, एकदाच, विचारल्यासारखी. दुसरी बराच वेळ गप्प राहते. मग दोघी एकदम सुरू होतात आणि तुम्ही उठून पाण्याला जाईपर्यंत थांबत नाहीत. आवाज सुपात तांदूळ घोळवल्यासारखा. तुमच्या लहानपणी ऐकला असेल तसाच आहे, बदललेला नाही.

आज घरात आणखी काही ऐकू आले, तेही लिहिते, कारण या पानांत खोटे लिहायचे नाही आणि गाळायचेही नाही. सकाळी न्हाणीत तुम्ही अंगावर पाणी घेत होता. तांब्या मधेच थांबला. मी माजघरात तांदूळ निवडीत होते, पार्बताबाई ओसरीवर होती, ती उठून गेली.

तुम्हाला वाटले असेल, हळू रडलो.